नाकेदाराची शीळ

नाकेदार शीळ घातल्याशिवाय कुणाच्या जवळ येत नसे. तीन आखूड, मग एक लांब. जंगल राखणारा माणूस, चालताना पावलांचा आवाज मुळीच होत नसे. आम्ही बाया मोहफुलं वेचायला वाकलेल्या असायचो आणि अस्वलंही त्याच फुलांवर यायची. "मले अस्वल समजून कुऱ्हाड हाणसान, म्हणून वाजवतो," म्हणायचा.

देश स्वतंत्र होऊन पाच-सात वर्षं झाली होती. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावात मी नवी सून होते. पक्षी म्हणजे धान खाणारी जात, एवढंच मला ठाऊक. त्याला मात्र कोण कधी येतं ते तोंडपाठ. पावसाच्या तोंडावर नवरंग ओरडला की तो हातचं काम टाकून उभा राही. हिवाळ्यात तळ्यावर चक्रवाक उतरले की सासऱ्यांना सांगायला येई, जणू त्याच्या घरी पाहुणे आले.

नाक्यावरच्या झोपडीपुढे फुटक्या मडक्यांत त्यानं वड, पिंपळ, उंबर वाढवले होते. वाढवले कसले, अडवले होते. दर उन्हाळा सरताना उपटून मुळं छाटायचा. बारा वर्षांचा वड माझ्या गुडघ्याएवढा.

"झाडाले उपाशी ठेवून कोणती मजा येते, भाऊ?" मी विचारलं.

"मोठं झालं का लाकडाच्या ठेकेदाराचं होते, बाई. लहान हाये तोवर माहं."

मग एक पिंपळ माझ्या हातात दिला. "घे. याच्याशी भांडत जा, सासूशी नोको."

भृंगराज नावाचा काळा पक्षी आहे, शेपटीला दोन लांब तारा. ऐकलेला आवाज हुबेहूब काढतो. त्यानं नाकेदाराची शीळ उचलली. आम्ही पदर सावरून वळायचो, तर फांदीवर हा. नाकेदार हसायचा, "माही ड्युटी करून राह्यला थो!"

चैत्रातल्या एका सकाळी बाया पुढे निघून गेल्या, मी मागे राहिले. नाल्याकडून शीळ आली. पुन्हा आली. पुन्हा. "चूप रे, फसव्या," मी म्हटलं आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी आले. अंगणात मोह पसरताना सुचलं, लांब शीळ मध्येच तुटत होती. पक्ष्याची तुटत नाही. तेवढ्यात सासूनं पाण्याला धाडलं. मी पाण्याला गेले.

संध्याकाळी तो नाल्यात सापडला. अस्वलानं मांडी फाडली होती. आणणारे म्हणाले, अंग अजून गरम होतं.

शीळ ऐकली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पिंपळ अजून आहे. नातवंडं म्हणतात, आजी, जमिनीत लाव. लावत नाही. उन्हाळा सरला की मुळं छाटते.

भृंगराजानं ती शीळ सोडली नाही. कितव्या पिढीचा असेल कोण जाणे. ऐकू आली की चुलीवरचं उतरवून नाल्यापर्यंत जाऊन येते. सून विचारते, "काऊन जाता, बाई?" आजवर दर खेपेला पक्षीच निघाला.