दादूनं मिठाचा हात आखडला

दादू जहाजावरचा कुक. बुरोंडीतले बाकीचे पुरुष मासेमारीच्या होड्यांवर जायचे, हा मात्र मोठ्या मालवाहू बोटीवर चढला आणि तिथल्या स्वयंपाकघरात असा रमला की कप्तान बदलले, दादू तोच राहिला. खलाशी नाना मुलखांचे, तरी त्याच्या बांगड्याच्या कालवणाला सगळ्यांच्या माना एकदम डोलायच्या. माझ्या हाताला चव आहे, असं तो स्वतः कधी म्हणाला नाही. म्हणावंच लागलं नाही.

२००१ साली सुट्टी संपवून तो मुंबईला कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेला आणि तसाच एस.टी. धरून परत आला. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी बोटीवर चढायच्या कागदावर सहीच केली नाही.

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला गोळी लिहून दिली. "ही रोज घ्यायची, चुकवायची नाही. आणि जेवणात मीठ किती असतं?"

"लागतं तेवढं."

"कुणाला लागतं? जिभेला की शरीराला?"

बाईंनी समजावलं. शरीराला मीठ थोडंच पुरतं, जास्तीचं रक्तदाब चढवतं. खारा बांगडा, लोणचं, पापड, फरसाण, सगळ्यांत ते लपून बसलेलं असतं. "तुमची किडनी चांगली आहे, म्हणून शहाळं, केळी, पालेभाज्या, कुळीथ खुशाल खा. त्यातलं पोटॅशियम मिठाचा जोर मोडतं. पण बाजारातलं ते कमी सोडियमचं मीठ मला विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम फारच असतं, या गोळीबरोबर ते चालेलच असं नाही."

घरी येईस्तोवर दादू धुमसत होता. कुकाला मीठ कमी कर म्हणणं म्हणजे सुताराला रंधा खाली ठेव म्हणण्यासारखंच! सावित्रीनं केलेली आळणी पेज त्यानं दोन घास खाऊन बाजूला सारली.

"ही काय आजाऱ्याची पेज!"

सावित्री शांतपणे म्हणाली, "अहो, सगळ्या बोटीला जेवू घातलंत. एकट्या स्वतःला घालता येत नाही?"

ते बोलणं वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादू स्वतःच चुलीपुढे बसला.

मिठाची कसर भरून काढायला त्यानं कोकम वाढवलं, आणि पहिलं कालवण इतकं आंबट झालं की वैष्णवीनं, त्यांच्या लेकीनं, डोळेच मिटून घेतले. मग त्यानं तिरफळं ठेचून घातली. लसूण वाढवला, खोबरं जरा जास्त भाजून वाटलं. मे महिन्यात कोकमाची सोलं घालताना सावित्रीला सांगून त्यानं ती बिनमिठाची, नुसत्या रसात भिजवून सुकवून घेतली. मीठ बंद नव्हतं, पण मुठीवरून चिमटीवर आलं होतं. आणि हळूहळू जीभही वळली. शेजाऱ्यांकडून आलेला खारा बांगडा तोंडात घालताच दादू म्हणाला, "समुद्रच गिळल्यासारखं वाटतंय गो!"

गोळी तो रोज घेतच होता. दर खेपेला रक्तदाब मोजताना डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी कमी होत गेली. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला पुन्हा मुंबईला तपासणीला जायला सांगितलं.

निघण्याआधी त्यानं भाऊबंदांना जेवायला बोलावलं. थोरला भाऊ भागोजी म्हणजे चव घेण्याआधी मीठ मागणारा माणूस. त्या दिवशी त्यानं कालवण भुरकलं आणि पुन्हा वाटी पुढे केली.

"दादू, हात काय गेला नाय हां तुझा!"

सावित्रीला राहवेना. "भावोजी, त्यात पूर्वीच्या निम्मंसुद्धा मीठ नाही."

भागोजी हसून म्हणाला, "मग आमच्या घरीपण शिकव बाबा. माझंसुद्धा प्रेशर वरच आहे."

मुंबईत कंपनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला. पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी पेन काढलं आणि सही ठोकली. दादू दवाखान्याच्या पायऱ्या उतरला ते बोटीच्या शिडीवरून ताठ मानेनं उतरावं तसा.

सामान न्यायला तो घरी आला तेव्हा सावित्री बंदरावर मासळी घ्यायला गेली होती. तिला हाक मारायला म्हणून तो मागोमाग गेला, आणि तिचा आवाज ऐकून जागीच थांबला. कोळणींच्या घोळक्यात उभी राहून ती सांगत होती, "आमच्या ह्यांनी आपल्याच चुलीवर आपल्याला बरं केलं!" गोळीचं नावही तिनं घेतलं, नाही असं नाही. पण अगदी शेवटी, आणि जरा हळू.