सातबाऱ्यावर न चढलेली बोट

आमच्या घरी एक मोटरबोट होती. आमच्या हसनाबादच्या वस्तीवर नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही मधीच विचारणार न्हाई.

बोट आणली आमच्या आजोबांनी, आबांनी. कुठल्यातरी धरणावर भंगाराचा लिलाव होता आणि आबा तिथं विहिरीसाठी पाइप घ्यायला गेल्ते. पाइपाच्या ढिगाला लागून एक जुनी बोट उभी. ढीग आणि बोट मिळून एकच बोली होती, हे आबांना माहीत न्हाई. (धरणावर बोट दिसली तर ती विकायला हाय असं कोण समजंल?) पावती फाटली आणि साहेब म्हणे, "आता हिला बी उचला, जागा मोकळी करा." ट्रॉलीत बोट घालून आबा भोकरदनमधून आले, तेव्हा बाजारातल्या लोकांनी वरातीला देतात तसा रस्ता दिला म्हणे. वावरातल्या लिंबाखाली दगडांवर बोट टेकवली, ती तिथंच राह्यली. लोखंडी, निळी, मागं डिझेल इंजिन, मधोमध पितळी कडीचं गोल स्टेअरिंग.

मंग आबा गेले आणि पप्पा अन् काकाची वाटणी झाली. वावर वाटलं. विहिरीच्या पाण्याची पाळी लागली, आठ दिवस ह्याचे, आठ दिवस त्याचे. बांधावरच्या आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या, खरंच सांगते. त्या बांधावरूनच अशी जुंपली की दोघा भावांचं बोलणं बंद झालं आणि पप्पा आम्हाला घेऊन जालन्यात मस्तगडला राहायला आले. राह्यली फक्त बोट. सातबाऱ्यावर बोट चढत न्हाई, आणि तलाठ्याला विचारायची हिंमत कुणाला झाली न्हाई.

पण दसऱ्याला आमच्याकडं गाड्या पूजतात, आणि बोट म्हणजे गाडीच. ती दोघांची, म्हणून दोघंबी झेंडूचा हार घेऊन हजर. बोलायचं तर न्हाई. मंग ते बोटीशी बोलायचे.

पप्पा बोटीकडं बघून म्हणायचे, "यंदा कलर गेला हिचा."

काका बी बोटीकडंच बघून, "मागच्या साली बी गेल्ता."

झालं, वर्षाचं बोलणं संपलं. त्याच्यावर काकू लिंबाखाली पुरणपोळी वाढायची आणि दोघं भाऊ एका पंगतीला बसायचे. साऱ्या वर्षात तेवढीच एक पंगत. हे सगळं त्या भंगारावर उभं होतं, आणि हे कळायला मला तेव्हा अक्कल पाहिजे होती. अक्कल नव्हती, मोबाइल होता.

मोबाइलवर मी एक व्हिडिओ बघितला. जुनी बोट घासून, रंगवून अशी चमकवली होती की बास. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. (माझ्या डोक्यात उजेड पडला की घरात कुठंतरी अंधार होतो, हे आईचं म्हणणं.) दसऱ्याच्या पंगतीतच मी सुरू झाले, "आपण बोट दुरुस्त करू! शेततळ्यात सोडू! जालन्यातले नवरा-नवरी प्री-वेडिंगचे फोटो काढायला येतील, त्यांना काश्मीरला कशाला जायला पाहिजे?"

पप्पाचा घास थांबला. काकाचा बी. पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, जमलं! मी भाऊ जोडले!

दुसऱ्याच आठवड्यात मी सलीमचाचांना घेऊन गेले. आमच्या गल्लीतले मिस्त्री, जुनी इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात कुणी धरत न्हाई. त्यांनी बोटीला खालून वरून हात लावून बघितला, इंजिन उघडलं, फुंकर मारली.

"बेटा, हिला एक भोक न्हाई. इंजिन बी चालू होईल. हिचं कायबी बिघडलेलं न्हाई, फक्त इथं आल्यापासून हिनं पाणी बघितलं न्हाई."

तिथून सगळं बिघडलं. बोट चांगली हाय म्हणल्यावर ती कुणाची, हा प्रश्न आला. आणि वाईट म्हणजे, शेततळं एकच होतं. काकाचं.

पप्पा मला म्हणले, "त्याला विचार, माझी बोट त्याच्या तळ्यात काहून सोडायची?" काका तिथंच, चार हातांवर उभे.

काका म्हणले, "पप्पाला सांग, बोट अर्धी त्याची असंल, पाणी पुरं माझं हाय."

"त्याला सांग, पाण्यावर बोट हाय म्हणून लोक येणार हायेत. नुसतं पाणी बघायला कोण येतंय?"

"आणि त्याला सांग, बोट तर लिंबाखाली बी होती. कोण आलं फोटो काढायला?"

मी मधी उभी राहून इकडून तिकडं मान फिरवून राह्यले होते. शेवटी थोरले मामा पंच म्हणून आले. त्यांनी इमानदारीत विचार केला आणि विहिरीचाच न्याय लावला, बोटीची बी पाळी. आठ दिवस काकाच्या तळ्यात, आठ दिवस पप्पाच्या वावरात.

"माझ्या वावरात पाणी कुठं हाय?" पप्पा म्हणले.

"मंग आठ दिवस पाण्यात, आठ दिवस कोरडी," मामा म्हणले. "दर आठ दिवसाला जेसीबी लावा."

सलीमचाचा तोंडावर रुमाल धरून लिंबामागं गेले.

तेव्हा पप्पा रागात बोलून गेले, "त्याच्यापेक्षा कापा न् टाका."

काका कमीपणा कसा घेतील? "बिलकुल. कापा."

आता हे कुणी खरं धरतं का? आमच्यात धरतेत. आमच्यात एकदा पंचासमोर शब्द गेला की माघार घेणारा बारका ठरतो. तिसऱ्या दिवशी भोकरदनहून गॅस कटरवाला आला. चांगला माणूस होता. त्यानं चुन्यानं बोटीच्या मधोमध रेघ मारली आणि विचारलं, "दादा, कापू का?"

पप्पा काकाकडं बघून राह्यले होते. काका पप्पाकडं. एकानं नुसती मान हलवली असती तर बास होतं.

"कापू का, दादा?"

काकू पदर तोंडाला लावून उभी. सलीमचाचा म्हणले, "अरे, कुणीतरी न्हाई म्हणा रे."

मी म्हणू शकत होते. पण मी व्हिडिओ काढून राह्यले होते, आणि मधी माझा आवाज आला असता.

कटरवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलंच न्हाई. व्हिडिओ चांगला चालला, लोकांनी हसून हसून रडायचे चेहरे टाकले.

मागचं इंजिनवालं अर्धं पप्पाला आलं, त्यात आता कडबा भरलाय. पुढचं अर्धं काकाला. त्यानं कापलेल्या बाजूला पत्रा वेल्ड करून म्हशीला पाण्याचा हौद केला. म्हणजे निदान अर्ध्या बोटीनं पाणी बघितलं. स्टेअरिंग नेमकं रेघेवर होतं, ते मला दिलं. दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

यंदाच्या दसऱ्याला पप्पांनी आपल्या अर्ध्याला हार घातला. बांधापलीकडं काकानं हौदाला हार घातला, तो म्हशीनं खाल्ला. पंगत न्हाई, पुरणपोळी न्हाई. आईनं डब्यात पोळी-भाजी दिल्ती.

पप्पांनी हारावर पडलेला कडबा झटकला. मंग जरा मोठ्यानंच, बांधापलीकडं जाईल असं म्हणले, "यंदा कलर गेला हिचा."

काका म्हशीचं दावं सोडत होते. त्यांनी दोरी गुंडाळली आणि घराकडं गेले.

मला ऱ्हावलं न्हाई. मी म्हणलं, "मागच्या साली बी गेल्ता."

"तू गप बस," पप्पा म्हणले.

बोट बुडवायला पाणी लागतं म्हणतेत. मला तेवढंबी लागलं न्हाई.