'चालू' आणि 'झालं' यांच्या मधे

लोक पोटासाठी काय काय करतात. मी रकाने आखतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमना कामाचे बोर्ड लावून देणं ही माझी नोकरी. पडद्यावर उभे रकाने, प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्डावर करणाऱ्याचं नाव. काम पुढे गेलं की कार्ड डावीकडून उजवीकडे सरकवायचं. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पत्ते खेळतोस." मी वाद घातला नाही.

मला ते सरकणं बघायला आवडतं, हे मात्र कबूल करतो. रबाळ्यातल्या आमच्या ऑफिसात जेवणानंतर एसीची घरघर तेवढी उरते. बाहेर कारखान्यांच्या पत्र्यांवर ऊन पसरलेलं असतं, आणि पडद्यावरचं एखादं कार्ड अलगद शेजारच्या रकान्यात जाऊन बसतं. कोण हलवतंय ते दिसत नाही. तंद्री लागते. संध्याकाळी खांदेश्वरला घरी आलो तरी समोरच्या इमारतीच्या खिडक्या मला कार्डं वाटतात. एकीतला दिवा विझून शेजारच्या खिडकीत लागला की मनात येतं, सरकलं. बायको विचारते, "आहेस का घरात?"

एका नव्या टीमचा बोर्ड लावायला घेतला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "तीनच रकाने ठेवा. सुटसुटीत पाहिजे, वरचे लोक बघतात." मी तीन ठेवले. करायचं, चालू, झालं. फिकट निळा, पिवळा, हिरवा. एका कार्डाला एकच नाव हा नियमही माझाच. दोन नावं असली की दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहतात. बोर्ड इतका देखणा झाला की मी फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला. हसू नका, काढला.

टीममध्ये टेस्टिंग करणारी एकच बाई होती, घणसोली गावातली. दुसऱ्यांनी बनवलेलं वापरून बघायचं, कुठे अडतं ते शोधायचं, दुरुस्त झालं की पुन्हा बघायचं, हे तिचं काम. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालत होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकदा चहाच्या मशीनपाशी ती मला म्हणाली, "सर, तुमचा बोर्ड बघून आमचं मिठागर आठवतं. सासऱ्यांचं व्हतं. खाडीचं पानी एका खनातून दुसऱ्या खनात सोडायचं, तिथून तिसऱ्यात. शेवटच्या खनात मीठ."

मला ते फारच आवडलं. दिवसभर मी बोर्डाकडे बघत मनातल्या मनात पाणी सोडत होतो. तिचं पुढचं वाक्य ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. "मधल्या खनात दिवसभर मानूस उभा असतो पन," असं ती म्हणाली होती.

सहा महिन्यांनी टीममधला एक माणूस कमी करायचं ठरलं. मॅनेजरांनी मला बोलावून दार लावून घेतलं. "कुणाच्या नावावर किती कार्डं झाली, दाखवा." मी ऐटीत पडद्यावर आलेख काढला, ती सोय मीच करून ठेवली होती. आठ नावं. सातांपुढे हिरव्या पट्ट्या, लांब-आखूड. तिच्या नावापुढे काहीच नव्हतं.

"प्रश्नच मिटला," मॅनेजर म्हणाले.

माझी तंद्री खाडकन उतरली. कार्ड काम करणाऱ्याच्या नावाने 'चालू'मधून थेट 'झालं'मध्ये जात होतं. मधे ती होती, पण तिला उभं राहायला मी जागाच आखली नव्हती. मला फार लाज वाटली, आणि भीतीही.

"सर, बोर्ड चुकलाय."

"कसा चुकेल? तुम्हीच तर लावलाय."

"म्हणूनच सांगतोय."

मग मी एकेक हिरवं कार्ड उघडत गेलो. आत, तळाला, शेऱ्यांच्या जागी सगळीकडे तीच. 'बटण दोनदा दाबलं की फॉर्म दोनदा जातो.' 'आडनाव लांब असलं की अडकतं.' 'आता बरोबर. पुढे न्या.' असं प्रत्येक कार्डात शेवटी 'पुढे न्या' होतंच. विसाएक कार्डं झाल्यावर मॅनेजर वैतागून म्हणाले, "कळलं हो, बंद करा." मी आणखी दोन उघडली.

चार दिवसांनी निर्णय आला. एकाला दुसऱ्या टीममध्ये पाठवून भागवलं होतं, आणि ती राहिली होती. मी तिच्या टेबलापाशी जाऊन माफी मागितली. म्हटलं, "तुमच्या कामाचा रकानाच नव्हता. तुम्ही बोलला का नाहीत?"

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "पहिल्याच दिवशी दिसलं व्हतं मला. पन तुमी कसे खुशीत बघत बसायचा. म्हटलं, एवढा भारी बोर्ड, कशाला बिघडवायचा."

मी जागेवर आलो आणि 'चालू' आणि 'झालं' यांच्या मधे चौथा रकाना घातला. आता बोर्ड लॅपटॉपच्या पडद्यावर मावत नाही. 'झालं' कडेला अर्धं कापलं जातं आणि ते नीट बघायचं तर तिच्या रकान्यावरून पुढे जावं लागतं. मॅनेजर कुरकुरतात. जुन्या तीन रकान्यांचा तो फोटो मी अजून पुसलेला नाही. दुपारी तंद्री लागायला लागली की उघडून बघतो.