देवरे मॅडमचा उजवा डोळा

देवरे मॅडमचा डावा डोळा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर आणि उजवा कागदावर असायचा, दोन्ही एकाच वेळी टक्क उघडे. आम्ही एक डोळा गच्च मिटून, तोंड वेडंवाकडं करून बघायचो. त्या मात्र मान न हलवता पेशी बघत बघत बाजूला तिचं चित्र काढायच्या. नाशिकच्या आमच्या कॉलेजात हे दुसऱ्या कुणालाच जमलं नाही. मी त्यांची विद्यार्थिनी आणि पुढे सहकारी, पण मलाही नाही.

कुणी अंदाजानं रेघ वाढवली की मागून आवाज यायचा, "थांब! दिसलं का ते तुला?" फारच चिडल्या तर सटाण्याची अहिराणी बाहेर पडायची, "हाई काय शे?" त्यांच्या लाडक्या पेशीही याच स्वभावाच्या, मेंदूत इतरांना आवर घालणाऱ्या. "बाकीच्या नुसत्या 'चल चल' करतात गं. या 'थांब' म्हणतात, म्हणून तुझं डोकं ठिकाणावर आहे." निवृत्तीआधी अशा एका पेशीचं मोठं चित्र स्वतः काढून प्रयोगशाळेत लावायचं, हा त्यांचा हट्ट होता.

आणि नेमकी डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. अंतराचा अंदाज चुकून कपात ओतायचा चहा टेबलावर सांडू लागला. मला रडू यायचं, तर त्या मलाच समजवायच्या, "एका डोळ्याचं दिसणं बंद झालं की या 'थांब' म्हणणाऱ्या पेशी आपल्या फांद्यांची टोकं आखडती घेतात. बाकीच्यांना नवी वाट शोधायला मोकळीक देतात, मग ती टोकं पुन्हा वाढतात. पूर्ण वाढ झालेल्या उंदरांतसुद्धा बघितलंय हे. मी काय उंदरापेक्षा वाईट?"

चहा हळूहळू कपात पडू लागला. चित्र मात्र जमेना. उजवा डोळा भिंगाला लावला की कागद दिसायचा नाही, कागदाकडे वळलं की फांदी डोक्यातून निसटायची. त्यांनी कितीतरी कागद फाडले. निवृत्ती तोंडावर आली तेव्हा एका दुपारी त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"मी बघते. तू काढ."

आपल्या पेन्सिलीला कुणाला हात न लावू देणारी ही बाई! मी पेन्सिल घेतली. त्या सांगत गेल्या, "डावीकडे... अजून... आता दोन फाटे..." शेवटच्या फांदीशी "थांब" म्हणाल्या, तोवर माझी रेघ पुढे गेली होती. मी घाईनं खोडरबर उचललं.

मॅडमनी कागद डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला. मग माझं मनगट धरलं.

"राहू दे गं. वाढतात ही टोकं."

काचपट्टीवरची ती पेशी कधीचीच मेलेली होती. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.