पाय खोटं बोलत नाही

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आपल्या दुकानात एक कारागीर बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो; वेड मात्र त्याला जॅझचं. मी जुळे सोलापुरातल्या संगीत मंडळाच्या समितीवर, म्हणजे पहिल्या रांगेतला रसिक. त्यामुळे माझ्या पेटीचे सूर तासून जुळवता जुळवता तो मलाही तासून घेतो.

"साहेब, तुमच्या शास्त्रीयला माना हलत्यात, कळलं न्हाय तरी. जॅझला पाय हलतो. पाय खोटं बोलत न्हाय."

"मग वाजवून दाखवा की," मी एकदा डिवचलं.

त्याने सॅक्सोफोनवर संथपणे यमन मांडला आणि मध्येच लय अशी काही वाकवली, की माझी डोलणारी मान थांबली आणि पायाने ठेका धरला. वाजवता वाजवताच त्याने डोळ्यांनी मला माझा पाय दाखवला. मी भारावून शब्द देऊन टाकला, यंदा आमच्या मंचावर तुम्हीच. बँडचा लाल कोट तिथे बरा दिसणार नाही, म्हणून त्याने पांढरा झब्बा शिवून घेतला.

समितीच्या बैठकीत त्याचं नाव निघताच अध्यक्ष म्हणाले, "वरातीत वाजवणारा माणूस आपल्या मंचावर नको." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली, अगदी समेवर.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी "पुढच्या वर्षी नक्की" असं सुरू केलं. त्याने पेटीतून डोकं वर काढलं नाही.

"तुमी बी मान हलवली असंल की."

मी मोठ्याने हसलो. त्याने पेटीवरून नजर फक्त खाली जमिनीकडे नेली. माझा पाय केव्हाच दाराकडे वळला होता.