सर्व्हर म्हणाला, असा युजर नाही

आधीच सांगून टाकतो - भूतखेत, करणी, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. माझं कामच लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, वाचायचं. बिघाड झाला की त्याचं कारण कुठेतरी असतंच, आपल्याला सापडत नाही एवढंच... असं मी लोकांना ऐकवायचो.

मी यवतमाळला राहतो. राळेगावकडच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे होतं. मालकांचा बाहेरच्या कंपन्यांवर भरवसा नाही, म्हणून मेल सर्व्हरसुद्धा त्यांनी जिनिंगच्या ऑफिसातच बसवून घेतलेला. गेल्या हंगामात त्यांचा फोन आला - मिलिंदभाऊंना पाठवलेले मेल परत येताहेत.

मिलिंदभाऊ तिथले ग्रेडर. कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवणारे. मी पोचलो तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा - असा युजर नाही.

"घ्या!" ते हसले. "मी तं इथं बसून राह्यलो, अन् हे म्हणते मी नाहीच!"

अकाउंट होतं. मेलबॉक्स होता. लॉगिन होत होतं, त्यांचे मेल बाहेरही जात होते. फक्त त्यांच्याकडे काही येत नव्हतं. सर्व्हरच्या सेटिंगची फाइल ओळ न् ओळ तपासली, सर्व्हर रीस्टार्ट केला. बाकी सगळ्यांचे मेल व्यवस्थित! शेवटी त्यांच्यासाठी नव्या पत्त्याचं अकाउंट काढलं. तिथेही तेच. वैतागून त्या अकाउंटवरचं त्यांचं नाव खोडलं आणि अकाउंटंटचं टाकलं... मेल लगेच पोचला. ते नाव नुसतं दिसण्यापुरतं असतं हो, मेल पोचण्याशी त्याचा संबंधच नसतो! मान्य करतो, तेव्हा अंगावर काटा आला.

"जाऊ द्या भाऊ," मिलिंदभाऊ म्हणाले. "उद्या पाहू. मले कोण एवढे मेल करते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघणार, तेवढ्यात मालकांचा फोन. आवाज बसलेला. "आज येऊ नका. मिलिंद गेला."

प्रत पाहायला कापसाच्या गाडीवर चढले होते. तिथेच छाती धरून खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी घरूनच सर्व्हरला कनेक्ट झालो. का, ते माहीत नाही. त्यांच्या जुन्या पत्त्यावर एक टेस्ट मेल टाकला.

गेला. पोचला.

मध्ये कोणी कशालाही हात लावलेला नव्हता. सेटिंग बदलू शकणारं लॉगिन लॉगमध्ये माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं नव्हतं. माझ्याहून जाणत्या लोकांना मी ते सगळं दाखवलं. कोणी म्हणालं सर्व्हरच्या मेमरीत जुनी नोंद अडकली असेल, कोणी म्हणालं डिस्क खराब असेल. पण दोन्ही तपासलं होतं मी...

काही दिवसांनी मिलिंदभाऊंच्या घरी गेलो. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावलेली, शेजारी भाऊंचा फोटो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"आदल्या राती जेवतानी लय हासून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "मशीन म्हणते मी नाहीच, असं सांगे. मीही हासली." मग त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या मशीनले आधीच कसं समजलं?"

चहा तसाच ठेवून उठलो. त्या घरी अजून पुन्हा गेलेलो नाही.