गाडीचे दिवे आणि शनिवारची रमी

मला नीट दिसत नाही असं कोणी म्हटलं, की मी आधी सुईत दोरा ओवून दाखवते आणि मग त्याच्याशी बोलते. शेजारपाजारचे तेवढ्यावर गप्प होतात. आमची लेक होत नाही. ती पुण्याला असते आणि फोनवरून सुई दाखवता येत नाही.

भानगड झाली ती रमीपायी. आम्ही चौघी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं पोरांच्या दप्तरातून पत्ते काढून जप्त केले, "हे धंदे करायला शाळेत येता का रे?" म्हणून कान पिळले, आणि पेन्शन सुरू झाली तशी दर शनिवारी रमी मांडून बसलो. चिंचोक्यांवर खेळतो, पण भांडणं अगदी खरी होतात. अड्डा आमच्यातल्या एकीच्या शेतातल्या घरी. जळगाव रोडनं फुलंब्री गाठायची आणि तिथून आत आठ-दहा किलोमीटर जायचं. शहरात खेळायची सोय नाही, कारण इथं छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही गल्लीत बसा, एखादा माजी विद्यार्थी "नमस्कार बाई" म्हणत आत डोकावतोच. बाकीच्या तिघी तिकडच्याच. शहरातून जाणारी मी एकटी.

तीनला बसतो. पहिले दोन तास सुनांचे आणि गुडघ्यांचे जातात. डाव खरा रंगतो पाचनंतर. उठायला सात वाजतात, म्हणजे परतताना अंधार ठरलेला.

गाडी माझी अठरा वर्षांची, पांढरी, माझ्या पगारातून घेतलेली. आमच्या ह्यांना चालवता येत नाही. एकदा शिकायला बसले आणि अंगणातल्या तुळशीवृंदावनावर घातली. तेव्हापासून ते शेजारी बसून सूचना देण्याचं काम करतात, म्हणून मी त्यांना शनिवारी घरीच ठेवते.

तर दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी आतल्या रस्त्यावर मी निवांत येत होते. शेवटच्या डावात मी सगळ्यांना लोळवलं होतं, तेच मनात घोळवत होते. आणि अचानक समोर भिंतच! मक्यानं गच्च भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागं लाल दिवा नाही, चमकणारा पत्रा नाही, काही नाही. मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी बंद पडली, पर्स खाली, चष्मा नाकाच्या टोकावर. ट्रॉलीत आणि माझ्यात दोन हात उरले होते. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही, तो गाणी ऐकत पुढं निघून गेला.

घरी येऊन हा किस्सा मी ह्यांना हसत हसत सांगितला. तिथंच चुकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लेकीचा फोन. फितूर कोण ते सांगायला नको.

"आई, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. आणि डोळे दाखवून ये."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? गाडीचे दिवे गेलेत."

"तू काहीही म्हणशील. दिवाळीला येते तेव्हा शनिवारी मी तुझ्याबरोबर येणार. अंधारात नीट चालवलीस तर बोलायचं नाही कुणी. नाहीतर चावी माझ्याकडं."

चावी गेली तर पाचला उठावं लागणार. म्हणजे नुसते गुडघे ऐकायचे आणि डाव रंगायला लागला की पर्स उचलायची. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. पण ते मी फोन ठेवल्यावर काढलं.

सोमवारी गाडी घेऊन गुलमंडीच्या मागं गेले. तिथं एका बोळात गाड्यांचं वायरिंग करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. ते मला खाला, म्हणजे मावशी म्हणतात, वयानं माझ्याहून मोठे असूनही. त्यांनी वाकून दिव्याची काच बघितली, नखानं टकटक केलं.

"खाला, काच पिली पड गई. अंदर सूरज बिठाए तो बी उजाला बाहर नै आने का. घिसना पडता. वायर बी बदलना पडता, करंट आधे रस्ते में सो जाता."

मी म्हटलं, "घासाघाशी ठेवा बाजूला. मला ते नवीन पांढरे एलईडी बसवून द्या. एकदम झगझगीत."

"नक्को खाला. तुमारी गाडी में बल्ब के पीछे का कटोरा पुराने बल्ब का है. उसमें सफेदवाला डाले तो उजाला बिखर जाता. सामनेवाला अंधा होता, और रस्ता तुमको बी नै दिखता."

आता बघा, मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. परावर्तनाचे नियम फळ्यावर काढून काढून माझा खडूचा हात दुखायला लागला. आणि हे मला प्रकाश शिकवणार! मी तडक गाडी काढली आणि जालना रोडवरच्या एका चकाचक दुकानात गेले. तिथल्या माणसानं एक शब्द उलट काढला नाही. वीस मिनिटांत पांढरे दिवे बसवून दिले, वर "मॅडम, अब देखो कमाल" म्हणाला. मला तोच माणूस हुशार वाटला.

कमाल शनिवारी बघितली. आतल्या रस्त्याला लागले तर समोरचा प्रत्येक जण मला डिपर देतोय. जीपवाला देतोय, दुधाची गाडी देतेय. मला वाटलं, गावाकडची माणसं लई प्रेमळ, ओळख दाखवतात. मीही सगळ्यांना परत डिपर दिला. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून माझ्या आईचं नाव काढलं, तेव्हा थोडी शंका आली. मग नीट बघितलं तर उजेड लिंबाच्या शेंड्यावर! कावळे झोपेतून उठून ओरडत होते, विजेच्या खांबावरचा नंबरसुद्धा वाचता येत होता, आणि माझ्या चाकापुढं मात्र काळंकुट्ट.

पुढच्या वळणावर एक मोटारसायकल समोरून आली आणि एकदम रस्ता सोडून खाली मुरमात उतरली. मी थांबले. नवरा-बायको आणि बायकोच्या मांडीत टोपडं घातलेलं लेकरू. तो बाप्या डोळ्यांवर हात धरून उभा. ती बाई शिव्या देईल म्हणून मी काच खाली करून तयारच होते. ती एवढंच म्हणाली, "बाई, जरा खाली करा की हो लाईट. काईच दिसंना गेलं बघा."

मला तिच्याकडं बघवेना. माझे दिवे खाली होतच नव्हते. मी ते विझवले, ती माणसं पुढं गेल्यावर पार्किंग लाईटवर बैलगाडीच्या वेगानं फुलंब्रीपर्यंत आले. अख्ख्या वाटेत स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या त्या ट्रकवाल्यालाही येत नसतील.

मिस्त्रींकडं परत जाताना तोंड कुठं लपवू असं झालं होतं. त्यांनी आधी चहा मागवला. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "मैं बोल्या था ना?"

"बोलला होता," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी मला कामाला लावलं. ते पॉलिश पेपरानं काच घासणार आणि मी मगानं पाण्याची बारीक धार धरायची. धार जाड झाली की "खाला, नळ नै खोले तुम" म्हणायचे. आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग त्याहून मऊ. पिवळं पाणी वाहून गेलं आणि अठरा वर्षांपूर्वीची काच वर आली. मला ती बघून इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, बोळातली माणसं बघायला लागली. पांढरे बल्ब काढले, साधे पिवळे चांगल्यातले बसवले, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली. दिवस मावळल्यावर गाडी बोळातल्या भिंतीसमोर उभी केली आणि भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारली.

"अंदर बैठो खाला. वजन होना. पीछे कौन बैठता?"

"कोणी नाही."

"डिक्की में सामान?"

"पत्त्यांचा एक कॅट."

ते हसले आणि स्क्रू पिळत उजेडाची कड त्या रेघेवर आणून बसवली. पुढच्या शनिवारी मला रस्ता दिसला हो! खड्डा दिसला, खड्ड्यातला दगड दिसला, कडेनं जाणारी मुंगुसाची शेपटी दिसली. एकाही माणसानं डिपर दिला नाही. मी मनातल्या मनात लेकीला वाकुल्या दाखवत घरी आले.

भाऊबीज झाल्यावरचा शनिवार परीक्षेचा होता. लेक पुढं माझ्या शेजारी बसली, हे मागं. लेकीसमोर पत्ते नकोत असं मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं पत्ते कुठंच दिसले नाहीत. एकीनं तर समोर हरिपाठाचं पुस्तक उघडून ठेवलं होतं, उलटं. निघताना माझ्या मैत्रिणीचं प्रेम उतू गेलं. "लेक पहिल्यांदा आलीय" म्हणत तिनं डिक्कीत भुईमुगाच्या शेंगांचं पोतं टाकलं आणि वर लाल भोपळ्याची दोन डांगरं ठेवली, एकेक चांगलं घागरीएवढं.

पाच मिनिटं झाली नसतील, समोरच्यानं डिपर दिला. मग दुसऱ्यानं. तिसरा हॉर्न वाजवून गेला.

"आई, हे सगळे तुला का डिपर देतायत?"

बघते तर उजेड पुन्हा लिंबावर! आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दिवे लावून घेतले होते माझ्या एकटीच्या वजनावर. आता मागं आमचे हे, नव्वद किलो, त्यांच्या मागं पोतं, पोत्यावर डांगरं. गाडीचं बूड बसलं होतं आणि नाक वर झालं होतं. पीछे कौन बैठता, असं विचारलं तेव्हा घरातली माणसं माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी गाडी बाजूला घेतली.

"दिव्यांचा दोष नाही, तुझ्या बाबांचा आहे. अहो, उतरा!"

"मी काय केलं?" ते म्हणाले.

"वजन केलं. पुढं बसा."

ते पुढं बसले. पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं, डांगरं मांडीवर दिली. दोन्ही हातांनी दोन डांगरं कवटाळून बसलेला माणूस बघून एरवी मी हसून हसून लोळले असते. पण लेक हसत नव्हती. ती उजव्या बाजूला येऊन उभी राहिली होती.

"पुरे झालं आई. तू मागं बस. मी चालवते."

संपलं. मी चावी तशीच ठेवून मागं जाऊन बसले. अठरा वर्षांत स्वतःच्या गाडीत मागं बसायची ही पहिलीच वेळ, आणि माझ्या मनात इतका राग होता की मी दोन्ही सीटच्या मधून मान पुढं काढून रस्त्याकडं बघत राहिले, कुठं चुकते ते धरायला. दिवे आता बरोबर खाली आले होते, तेवढं समाधान. लेक पुण्यातल्यासारखी चालवत होती, सिग्नल हिरवा असल्यासारखी.

थोडं पुढं गेल्यावर रस्त्यावर एक वाळलेलं मक्याचं पान दिसलं. मग दोन. मग चार-पाच एकदम, आणि त्यातलं एक अजून वाऱ्यावर उडतच होतं.

"ब्रेक मार!" मी ओरडले. "मार म्हणते ना!"

तिनं मारला. एक डांगर ह्यांच्या मांडीवरून पोत्यावर पडलं. गाडी थांबली आणि मग अंधारातून ती ट्रॉली दिसायला लागली, काळी, उंच, डुलत चाललेली, मागं एकही दिवा नाही. आमच्यापुढं गाडीभर जागा उरली होती.

लेकीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. ती लहान असताना तापात माझा पदर असाच धरून ठेवायची. दसऱ्यानंतर मी जे हसत हसत सांगितलं होतं, ते हिनं तिकडं एकटीनं कसं ऐकलं असेल, हे मला तेव्हा कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

"आई, तुला कशी दिसली गं ती?"

खरं सांगते, उत्तर जिभेवर तयार होतं. 'दिसली म्हणजे काय, डोळे ठणठणीत आहेत माझे.' एवढं म्हटलं असतं तर चावी माझी होती आणि जन्मभर बोलायची सोय झाली असती. ह्यांनी डांगर सोडून मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्यांना माहीत होतं मी काय म्हणणार ते.

"नाही दिसली," मी म्हटलं. "ट्रॉली मला दिसलीच नाही. मक्याची पानं पडली होती रस्त्यावर, एक उडत होतं. म्हटलं, पुढं भरलेली गाडी असणार. सोमवारी डोळे दाखवते मी."

ती दिवे चालू ठेवून खाली उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली.

"उतर," म्हणाली. "तू चालव. मला तर ती पानंसुद्धा दिसली नव्हती."

मी पुढं जाऊन बसले. सीट ओढून घेतली, आरसा माझ्यापुरता केला. लेक मागं बसली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो शहर येईपर्यंत काढला नाही. चाळीसच्या वर काटा मी जाऊ दिला नाही, आणि वेशीवरच्या हर्सूलपर्यंत तिला एकही टोमणा मारला नाही.